सिलिंडरमधील वायू आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आज मी आपल्याला आपल्याच स्वयंपाकघरात नेणार आहे. गॅसच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू असतात. ते जाळून आपण भात शिजवतो. दुसरीकडे मुलांच्या टेरीकॉटच्या गणवेशातील पॉलिएस्टर, नायलॉनची दोरी, थर्मोकोल, रंगाचा थिनर यांचे मूळ बेंझीन, टोल्यूइन आणि झायलीन या द्रवांत आहे. त्यांना ॲरोमॅटिक द्रव्ये म्हणतात. सिलिंडरमधल्या वायूपासून ही द्रव्ये करता येतील काय?

येतात. प्रोपेनचे दोन रेणू जोडून त्यांतून हायड्रोजनचे पाच रेणू काढले, की बेंझीनचा एक रेणू होतो. कागदावर हे सोपे आहे. पण प्रोपेन हा मोठा आळशी वायू. 500 अंश सेल्सिअसच्या वर तापवला तरी तो आपण म्हणू तसा वळत नाही. त्याला वळणावर आणतो तो उत्प्रेरक.

येथे झिओलाइट कामी येतो. पुणे, नाशिक, जळगावकडील काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तो निसर्गतः सापडतो. या कामाचा झेडएसएम-5 मात्र कारखान्यात तयार करतात. आपल्या घराच्या जांभ्या चिऱ्यालाही भोके असतात, पण ती वेडीवाकडी. झिओलाइटची भोके एकाच मापाची असतात. एका मिलिमीटरचे 10 लाख भाग केले, तर त्यांतील सुमारे अर्ध्या भागाएवढे एक भोक. बेंझीनसारखा रेणू त्यातून जेमतेम बाहेर पडतो, फार मोठे रेणू आत घडतच नाहीत.

नुसता झिओलाइट प्रोपेन तोडतो खरा, पण बराच माल मिथेन-इथेन होऊन वाया जातो. त्यात थोडे गॅलियम किंवा जस्त घातले, की हायड्रोजन सुटा होऊन निघून जातो आणि ॲरोमॅटिक द्रव्यांचे प्रमाण वाढते. गॅलियम सुमारे 30 अंशांवर वितळते. वैशाखात राजापुरात ते तळहातावर घ्यायचीही गरज नाही! पुढे भोकांत काजळी धरते, चुलीवरच्या टोपाला धरते तशी. हवा सोडून ती जाळली, की उत्प्रेरक पुन्हा कामाला लागतो.

हे सारे परदेशातच घडते असे समजू नका. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 साली सुरू झाली. तेथे डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचा देशी झिओलाइट उत्प्रेरक घडवला. तेथेच डॉ. वसंत चौधरी यांनी गॅलियमयुक्त झिओलाइटवर प्रोपेनपासून ॲरोमॅटिक द्रव्ये करण्याचा दीर्घ अभ्यास केला. याच तत्त्वावरचा सायक्लार पद्धतीचा मोठा कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीस सौदी अरेबियात यान्बू येथे उभा राहिला.

पालकहो, आखात आपल्याला परके नाही. आपली माणसे तेथे घाम गाळतात आणि त्या पैशावर येथे घरे उभी राहतात, शाळांच्या इमारतीही. त्या कष्टांचा मला आदर आहे. पण पाइप जोडणाऱ्याच्या मुलाने किंवा मुलीने त्या पाइपमध्ये काय वाहते हे जाणू नये काय?

दुसरे कारण घराजवळचे आहे. आपल्या तालुक्यात आधी नाणार, मग बारसू अशी रिफायनरीची चर्चा झाली आणि गावे दोन बाजूंना झाली. बेंझीनपासून शंभर उपयोगी वस्तू होतात. तेच बेंझीन वर्षानुवर्षे श्वासात गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाजू आपण कोणतीही घ्या, पण कोणते द्रव्य, किती प्रमाणात, धूर आणि पाणी कोठे जाणार, हे विचारणारा माणूस आपल्यातला असला पाहिजे. तो बाहेरून येणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. दहावीनंतर पासपोर्टची घाई करू नका. ज्याला, विशेषतः जिला, रसायनशास्त्राची गोडी आहे, तिला निदान पदवीपर्यंत शिकू द्या. फीची अडचण असेल तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटा, संकोच करू नका.