मायचा आवाज, माझी चूक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"घरी बसून गाणी रेकॉर्ड करतोस म्हणजे नेमकं काय करतोस?" असं सकाळपासून दहा जणांनी विचारलं. म्हणून आज तेच सांगतो.

आपल्या मुरुडात मला संगीताचा वर्ग नव्हता. कान मात्र भरपूर भरत होते. पहाटे देवळातली काकडआरती, संध्याकाळी आकाशवाणी परभणी, लग्नानंतर गोंधळ्यांचं संबळ, आणि आठवडी बाजारात कॅसेटच्या गाड्यावर प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज. बाकावर ठेका धरला म्हणून सरांनी मला उभं केलं, ते तुम्हाला आठवत असेलच. सर, तो ठेका हलगीचा होता!

अजय-अतुल यांनी 2016 च्या 'सैराट'साठी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवला. माझा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतींवर जुन्या वाकळा टांगल्यात, कारण मोकळ्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि गाणं विहिरीत म्हटल्यासारखं वाटतं. एक कंडेन्सर माईक, त्याला 48 व्होल्ट पुरवणारा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि लॅपटॉप. एवढाच संसार. रेकॉर्डिंग रात्री बारानंतर, पंखा आणि फ्रिज बंद करून. पाऊस आला की पत्रे वाजतात, मग सुट्टी.

पण खरं सांगायला उभा राहिलोय ते वेगळंच. नवा माईक आला तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग मायचं करायचं ठरवलं. माळवदाच्या जुन्या घरात जातं होतं. माय दळायला बसली आणि ओव्या म्हणू लागली. मी हौसेनं माईक तोंडाजवळ नेला, आवाजाची पातळी चढवून ठेवली. वरच्या सुरात तिचा आवाज फाटला. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाज सपाट कापला जातो. तो नंतर पूर्ववत आणता येत नाही. "पुन्हा दिवाळीला करू," मी म्हणालो. दिवाळीच्या आधीच माय गेली.

आज माझ्याकडे तिची एकच ओवी धड आहे. ती भाचीनं ढेळजेत उभं राहून गंमत म्हणून मोबाईलवर घेतली होती. तिच्यात जात्याची घरघर आहे, कोंबड्या आहेत, शेजारणीची हाक आहे. मायचा आवाज थोडा लांबून येतो, पण फाटत नाही. माझ्या सगळ्या सामानापेक्षा तो मोबाईल शहाणा निघाला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या, माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्यांनी ते केलं म्हणून ते आवाज राहिले. आपल्या घरचे आवाज मात्र आपणच राखायचे.

म्हणून एक विनंती. घरी गेल्यावर आई, आजी, आत्या, जी कुणी गाते तिला बसवा. पंखा बंद करा. मोबाईल हात-दीड हात लांब, तोंडासमोर नाही तर जरा बाजूला ठेवा, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. माईक वापरलात तर सगळ्यात मोठा आवाजसुद्धा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या. आधी दोन ओळी घेऊन ऐका. मध्ये बोलू नका; चुकली तरी थांबवू नका. शेवटी तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. फाईल दोन ठिकाणी ठेवा.

साफसफाई करायची असली तर माझी खोली रात्री बारानंतर उघडी आहे. पैसे नकोत, पण येताना भाकरी-ठेचा आणा.

सरांना नमस्कार. आता बाकावर बसतो.