आजीचें पंचांग

भंडारा जिल्ह्यांत बहुतेक घरांतून स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं खिळ्याला एक छापील दिनदर्शिका अडकविलेली असते. तिच्यावर दोन जातींच्या खुणा आढळतात. दूध किती घेतलें, गॅसची टाकी केव्हां आली, विजेचें बिल केव्हां भरावयाचें, ह्या खुणा सुनेच्या किंवा मुलाच्या हातच्या. दुसऱ्या खुणा आजीच्या. अक्षर गिरवितां येत नसेल तर ती नातवाकडून पेन्सिलीचें एक वाटोळें काढवून घेते. तिथि छापलेली असतेच. अमुक दिवशीं पोळा आणि तमुक दिवशीं कोजागिरी हें आजीला कोणीं सांगावयास नको. तिचें वाटोळें असतें तें त्या दिवशीं घरीं कोण येऊं शकेल ह्यासंबंधीं. एक मुलगा नागपुरास नोकरीला, दुसरा पुण्याच्या कारखान्यांत, लेक गोंदियास दिलेली. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच होतें, मग त्याचा निराळा जिल्हा झाला; पण सरकारी सीमेनें माहेरचें अंतर वाढलें नाहीं.) अशा घरांत सणाची पहिली तयारी म्हणजे कोणाला रजा आहे ह्याची चौकशी.

म्हातारपण म्हणजे विसावा, अशी एक समजूत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे. आजीनें आतां स्वस्थ बसावें, पोथी ऐकावी, नातवंडांचें कौतुक करावें, असें तिला प्रेमानेंच सांगण्यांत येतें. सांगणारांचा हेतु चांगला. परंतु झाडीपट्टींतल्या आजीला असें बसणें शिक्षेसारखें वाटतें. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि रानाचा. येथें देव, ऋतु आणि घरचीं माणसें ह्यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडलेले नसतात. ज्या हातानें पूजा होते त्याच हातानें धान पाखडलें जातें, आणि नातवाच्या तोंडांत घासही तोच हात घालतो.

चैत्रांत मोह फुलतो. त्याचीं फुलें रात्रीं उमलतात आणि पहाटेस टपटप गळूं लागतात. दिवस वर आला कीं गुरें आणि रानांतलीं जनावरें त्यांवर हक्क सांगतात, म्हणून आजी अंधार असतांनाच टोपली घेऊन निघते. झाडाखालचा पाला आदल्या दिवशींच झाडून ठेवलेला असतो. प्रथम बुंध्याला हात लावून तो कपाळाला लावावयाचा आणि मग वाकावयाचें, हा तिचा क्रम. फुलें पिवळसर, मांसल आणि गोड. अंगणांत कांहीं दिवस वाळलीं कीं मनुकांसारखीं तांबूस होतात. दारूनें मोहाचें नांव घालविलें आहे, आणि दारू ज्या घरांत शिरली त्या घरांतली आजी हें जितकें जाणते तितकें व्यासपीठावरचे व्याख्याते जाणत नाहींत. तिच्या डब्यांतला मोह मात्र भाजून, तीळ घालून, उखळांत कुटून लाडवाच्या रूपानेंच नातवंडांपुढें येतो.

अडचण एवढीच कीं चैत्र हा परीक्षांचा महिना. मोह कांहीं शाळेला सुटी लागेपर्यंत थांबत नाहीं. शहरांतलीं नातवंडें मे महिन्यांत येतात तेव्हां झाड नव्या पालवीनें भरलेलें असतें आणि फुलांची गोष्ट फक्त ऐकावयाची उरते. २५ मार्च २०२० रोजीं महामारीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीं घरीं परतलेल्या कित्येक मुलांनीं पहाटेचा मोह प्रथमच पाहिला. तरी तें वर्ष कोणीं सुखाचें म्हणूं नये. त्या आणि पुढच्या वर्षीं कित्येक घरांतली आजीच गेली.

वैशाखांत अंगण भरून जातें. कुरडया, पापड, आणि गव्हाच्या मऊ कणकेची दोरी बारीक काडीभोवतीं गुंडाळून काढलेले सरगुंडे उन्हांत वाळत पडतात. सरगुंडे आणि आंब्याचा रस ही उन्हाळ्याची मेजवानी. ह्या कामांत मुलांना हात घालूं द्यावा कीं नाहीं ह्यावर सुना आणि आजी ह्यांचें एकमत होत नाहीं. आजी नेहमींच मुलांच्या बाजूची.

आषाढांत रोवणी लागते. पऱ्हे, म्हणजे धानाचीं रोपें, उपटून चिखलांत लावण्याचें काम बायकांचें. त्या दिवसांत घरांत तरणें माणूस म्हणून दिसत नाहीं. आजीची कंबर आतां वाकत नाहीं. पण तान्हीं मुलें कोणीं सांभाळावीं? ती सांभाळते म्हणून सून बांधींत उतरूं शकते; हिशेबाच्या वहींत ह्या मजुरीला रकाना नाहीं. पाऊस लांबला तर ती तळ्याच्या पाळीवरच्या देवाला पाणी घालून येते. हीं तळीं मालगुजारांच्या काळचीं. त्यांपैकीं पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनीं बांधलीं, आणि आजही कित्येक गांवांचें धान त्यांच्याच भरंवशावर उभें आहे. तळें भरून सांडव्यावरून पाणी वाहूं लागलें कीं आजीच्या मुद्रेवर जो आनंद दिसतो, त्यांत भक्तीचा किती आणि शेतकरणीचा किती, हें निवडावयास जाणें व्यर्थ होय.

आषाढी अमावास्येला घरांतले सारे दिवे घासूनपुसून उजळले जातात, आणि मग श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीची पूजा येते. देवघराजवळच्या भिंतीवर डकविलेला तो कागद पुष्कळ श्रोत्यांनीं लहानपणीं पाहिला असेल. त्यावर नरसिंह, कालियाच्या फणेवरचा कृष्ण, मुलांनीं वेढलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पति. ह्यांतली जरा ही महाभारतांतली राक्षसी. जन्मतःच दोन शकलें असलेला जरासंध तिनें सांधला. मुलांना खाणारी म्हणून जिची भीति, तिलाच मुलांची राखणदार नेमावयाचें, ह्यांत प्राचीन काळच्या आज्यांचें व्यवहारचातुर्य दिसून येतें.

पूजा झाली कीं घरांतल्या मुलांना ओवाळावयाचें; आणि जीं मुलें घरीं नाहींत त्यांच्यासाठीं चारी दिशांना अक्षता टाकावयाच्या. पूर्वीं हा भाग घाईनें उरकला जाई, कारण बाहेर असलेलें मूल म्हणजे फार तर मामाच्या गांवीं गेलेलें. आज कित्येक घरांत पाटावर बसावयास कोणीच नसतें, आणि अक्षता मात्र चारी दिशांना जातात. पूर्वेस रायपूर, पश्चिमेस नागपूर आणि पुणें, दक्षिणेस हैदराबाद. आजीला आतां दिशेबरोबर गांवही ठाऊक असतें. मोबाईलवर नातवाचें तोंड दिसतें, त्यालाही ती ओवाळते, पण अक्षता टाकण्याचें सोडीत नाहीं. समोर दिसतो आहे तर अक्षता कशाला, असें सुनेनें विचारलें तर उत्तर तयार असतें : तो मला दिसला, जिवतीला दिसला पाहिजे.

पुरणाचा स्वयंपाक शुक्रवारऐवजीं रविवारीं करावयास हीच आजी एका पायावर तयार असते. मुलें येतील तो दिवस श्रावणाचा, असें ती खुशाल म्हणते. अक्षतांचा वार मात्र ती कोणाच्याही सोयीसाठीं हलविणार नाहीं. जेवण हजर असणारांचें, म्हणून तें पुढें ढकलतां येतें. अक्षता गैरहजर असणारांच्या. शास्त्रीबोवांना हा निवाडा पटेलच असें नाहीं, परंतु धर्मग्रंथांवरील पुष्कळ टीकांपेक्षां त्यांत विवेक अधिक आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा येतो. झाडीबोलींत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून आजी पोळ्याला ‘पोरा’ म्हणते आणि पुण्याहून आलेला नातू हंसतो. ह्या उच्चारांसाठीं एके काळीं शाळेंत मुलांना छड्या बसत. तो निव्वळ अन्याय होता. चाकें लावलेला लांकडी नंदी सजवून मुलें घरोघरीं नेतात आणि ओवाळणी म्हणून बोजारा मिळवितात. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं ही चाल पाडली असें सांगतात. आजीला सनावळीशीं कर्तव्य नाहीं. माळ्यावरचा नंदी आठ दिवस आधीं खालीं येतो. तेल लावून त्याचा तुटका कान ती पुनः बसविते. ह्याच नंदीमागें नातवाचा बाप धांवत असे. बाजारांत याहून सुबक नंदी मिळतात, पण नातवानें हाच ओढावा असा तिचा हट्ट. आणि सहामाही परीक्षेमुळें नातू आलाच नाहीं तर ती शेजारच्या मुलाच्या हातीं त्याची दोरी देते. नंदी दारांत उभा राहूं नये.

जिवतीचा कागद नसलेलीं घरेंही ह्या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. डॉ. आंबेडकरांनीं १९५४ सालीं भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. तींत त्यांना यश आलें नाहीं. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास जेव्हां धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हां ह्या बाजूची माणसें चिल्यापिल्यांसह तेथें गेलीं. त्या वेळीं आईचें बोट धरून गेलेल्या मुली आज ऐंशीच्या घरांतल्या आज्या आहेत. दसऱ्याला पांढरें पातळ नेसून दीक्षाभूमीवर जाणें हें त्यांचें वर्षाचें टोंक. गर्दी अफाट, पाय थकलेले, घरचे नको म्हणत असतात. तरी ही आजी नातीचें बोट धरून निघते, आणि आपण कोठें उभ्या होतों तें तिला दाखविते. जागा तंतोतंत तीच असेल असें नाहीं; पण नातीला पुढें सांगावयास एक जागा मिळते.

भाऊबीज झाली कीं मंडईचे दिवस येतात. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना मंडई म्हटली कीं भाजीबाजार आठवेल. झाडीपट्टींत मंडई म्हणजे गांवाची जत्रा. प्रत्येक गांवाचा दिवस ठरलेला, आज येथें तर उद्यां शेजारच्या गांवीं, असा क्रम कित्येक आठवडे चालतो. दुपारीं दंडार रंगते, तींत पुरुषच स्त्रियांचीं सोंगें घेतात; रात्रीं नाटक उभें राहतें आणि तें पहाटेपर्यंत चालतें. माहेरवाशिणी भाऊबीजेला आलेल्या असतात, त्या मंडई झाल्याखेरीज परतत नाहींत. सोयरिकींचीं बोलणीं येथेंच सुरू होतात. घरोघर पाहुणे इतके, कीं चुलीवरचें भांडें उतरत नाहीं.

आजीला नाटकाचें फारसें आकर्षण नाहीं. ती जाते तें माणसें भेटावीं म्हणून. लहानपणीं जिच्याबरोबर भुलाबाईचीं गाणीं म्हटलीं ती मैत्रीण दुसऱ्या गांवीं पडलेली. पांचपन्नास वर्षांत तिची भेट झाली असेल ती मंडईंतच. शिंगाड्यांच्या ढिगाशेजारीं दोन सत्तरीच्या बाया एकमेकींच्या गळ्यांत पडून उभ्या असतात, आणि ढिवराची बायको तराजू हातांत धरून त्यांचें आटोपण्याची वाट पाहत असते. नातवंडें पदराला ओढतात, कोणाला फुगा हवा, कोणाला ऊस. त्या दोघींना ऐकूं येत नाहीं. मुलांच्या दृष्टीनें आजी ही जन्मतःच आजी. तिला कोणी नांवानें, तेंही अर्ध्या नांवानें, हांक मारतांना तीं प्रथमच ऐकतात आणि गप्प होतात.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचें भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्तें झालें, आणि कालांतरानें नदीकांठचीं कित्येक गांवें उठलीं. लोक नव्या वसाहतींत आले. घराची भरपाई मोजली गेली, जमिनीची मोजली गेली, झाडांचीही मोजली गेली. देव्हाऱ्यांतले देव आजीनें पदरांत बांधून आणले. मंडईची जागा तशी आणतां येत नाहीं. आणि एका गांवचीं माणसें दोन-तीन ठिकाणीं विखुरलीं म्हणजे कोणाच्या घरीं उतरावयाचें हाच प्रश्न पडतो. अशा वसाहतींतल्या आज्या आतां दुसऱ्यांच्या मंडईला पाहुण्या म्हणून जातात. धरणाच्या पाण्यानें दूरचीं शेतें भिजतात हें खरें, आणि त्या तें नाकारीत नाहींत. पण उठलेल्या गांवचें नांव नव्या पाटीवर नसलें तरी आपला ठावठिकाणा सांगतांना त्या जुन्या गांवाचेंच नांव सांगतात, मग पत्ता चुकला तरी चालेल असा त्यांचा आग्रह.

मंडईच्या दुसऱ्या दिवशीं घर रिकामें होऊं लागतें. लेकीच्या पिशवींत हलक्या धानाचे नवे पोहे, उकडलेले शिंगाडे, वाळवून ठेवलेली लाखोळीची भाजी आणि चैत्रांतल्या मोहाचे राखून ठेवलेले चार लाडू पडतात. चिन्नोर अजून बांधींत उभा असतो. त्याचा वास कोठें लपत नाहीं, आणि तो पिकावयास वेळ घेतो. पोतें शिवून झालें कीं संक्रांतीला घेऊन जा, असें आजी जांवयाला ऐकूं जाईल अशा बेतानें लेकीला सांगते. लेकीच्या लेकराचें पहिलें बोरन्हाण याच घरीं व्हावयाचें आहे, हेंही ती त्याच दमांत सांगून टाकते. आणि जांवई रजेचा विचार करीत असतांनाच एस. टी. सुटते.