उद्या राजापूरला कोण येतंय?

आम्ही राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बाया. एरवी या कार्यक्रमात आम्ही कोकम, काजू आणि बँकेच्या हप्त्यांबद्दल बोलतो. आज मोबाइलबद्दल बोलणार आहोत, तेही म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलबद्दल. हसू नका.

गेल्या श्रावणात वरच्या वाडीतल्या एक आजी खळ्यात घसरून पडल्या. सकाळी आठला पडल्या, दुपारी तीनला सापडल्या. घर पऱ्याच्या पलीकडे, पाणी धो धो वाहतंय, हाक कोणाला ऐकू जाणार? मुलगा नालासोपाऱ्याला, तो रात्री एकदा फोन करतो. फोन आजींकडे होताच. आत देवळीत, चार्जिंगला लावलेला.

आपल्याकडे हे असंच आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती 16 लाख 97 हजारांच्या घरात, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. देशात माणसं वाढतात, आपल्या जिल्ह्यात घटली. आणि दर हजार पुरुषांमागे बायका 1,122. पुरुष मुंबईला, बायका घराला राखण. गणपतीला आणि शिमग्याला घरं भरतात, मग पुन्हा कुलपं. मधल्या दिवसांत आजी आणि कुत्रा.

तर त्या प्रसंगानंतर आमच्याच वाडीतली एक मुलगी, रत्नागिरीला कॉम्प्युटर शिकते, ती म्हणाली, आपण म्हाताऱ्या माणसांसाठी एक अ‍ॅप करूया. मुंबईत 2022 साली ‘गुडफेलोज’ नावाचं काम सुरू झालं, त्यात शिकलेली तरुण मुलं एकट्या वृद्धांना सोबत करायला जातात. ते आम्ही ऐकून होतो. पण इथे तरुण आणायचे कुठून? म्हणून ठरलं, की म्हातारी माणसं एकमेकांना आणि गटातल्या बायांना जोडायची.

पहिलं अ‍ॅप तिने दिवाळीच्या सुट्टीत केलं. दिसायला झकास. गप्पांची जागा, भजनं, कोडी, व्यायाम. आम्ही फोन घेऊन बारा घरं फिरलो, आणि बाराही घरांत फसलो.

पहिल्याच घरात आजींनी ओटीपी सांगायला साफ नकार दिला. “बँकेतला साहेब सांगतो देऊ नको, पोलीस सांगतात देऊ नको, तुम्हीच सभेत सांगितलंत देऊ नको, आणि आता तुम्हीच मागता?” यावर आम्ही काय बोलणार? त्यांचंच बरोबर होतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 हा नंबर आम्हीच भिंतीवर लिहून आलो होतो.

दुसऱ्या घरी बोटच चालेना. जन्मभर काजू फोडलेली, राख-मातीने भांडी घासलेली बोटं. कोरडी, खरखरीत. काचेला ती कळतच नाहीत. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्या घाबरतात म्हणून फोन चालवत नाहीत. तसं नव्हतं, त्या दाबत होत्या आणि फोन दाद देत नव्हता. मग त्या जोराने आणि जास्त वेळ दाबायच्या, की चित्र जागेवरून उठून भलतीकडे जायचं. एका आजोबांनी अ‍ॅपच काढून टाकलं आणि दोन दिवस आम्हाला तोंड दाखवलं नाही.

तेव्हा आम्ही फोन बाजूला ठेवले. जुन्या कालनिर्णयच्या पानांमागे स्केचपेनने चौकोन काढले आणि आज्यांना पडवीत बसवून विचारलं, सकाळी उठल्यावर तुम्हाला काय कळायला हवं? गप्पा मारायला अनोळखी माणूस कोणालाच नको होता. भजनं रेडिओवर लागतात. त्यांना हवं होतं ते असं: आज तिथी काय, एकादशी कधी. कोण आजारी आहे. कोण गेलं. आणि उद्या राजापूरला कोण जातंय.

हा शेवटचा प्रश्न आम्हाला सुचलाच नसता. 75 च्या वरच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून फुकट आहे. मार्च 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं. तरी आज्या घरीच. का? तर गाडीची पायरी उंच, डोळ्याच्या डॉक्टरकडे एकटं जायला भीती वाटते, परतीची गाडी चुकली तर काय? तिकीट फुकट झालं, सोबत कोण देणार?

आता अ‍ॅपचं पान कॅलेंडरच्या पानासारखं दिसतं, कारण भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना वाचता येतं. वर तिथी, ठळक अक्षरात. खाली चारच चित्रं, प्रत्येक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं. लिहायचं काही नाही, दाबायचं आणि बोलायचं. बोट कितीही वेळ टेकलं तरी आत काही हलत नाही. एसटीचं चित्र दाबून “मी बुधवारी दवाखान्यात जातेय” म्हटलं, की तो आवाज वाडीतल्या सगळ्यांना जातो. नोंदणीसाठी ओटीपी नाही. गटातली बाई पडवीत बसून स्वतः नाव घालते.

सूर्याचं चित्र रोज सकाळी एकदा दाबायचं. श्रावणबाळ योजनेसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, म्हणून आज्यांनी त्या चित्राला नावच ठेवलं, ‘हयातीचा दाखला’. नऊपर्यंत नाही दाबलं, तर सर्वांत जवळच्या घरचा फोन वाजतो.

यावरून मुंबईकरांशी आमचं वाजलं. मुलांचं म्हणणं, पहिला फोन आम्हाला यायला हवा, आणि घरात कॅमेराही लावा. त्यांची काळजी आम्हाला कळते. पण मुंबईहून निघालेला माणूस इथे पोचायला रात्र जाते. साकव ओलांडून शेजारीण पाच मिनिटांत येते. कॅमेऱ्याबद्दल एक काकी म्हणाल्या, “मी काय खाते नि कधी निजते हे सुनेने तिकडून बघायचं? नको गो बाय.” कॅमेरा नाही लावला. मुलाला निरोप जातो, पण शेजारीण जाऊन आल्यावर.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. सड्यावरच्या घरांना रेंज मिळते, खालच्या घरांना नाही. पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस फोन बंद. त्यासाठी आम्ही घरांच्या जोड्या लावल्या आहेत, फोन बंद असेल त्या दिवशी पायाने जायचं. हे अ‍ॅपमध्ये बसत नाही, गटाच्या वहीत बसतं. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. साध्या फोनवरूनही लागते.

ती मुलगी सांगते, शहरातल्या कंपन्या मोजतात की माणूस अ‍ॅपवर किती वेळ राहिला. आम्ही वहीत उलटं लिहितो: या महिन्यात कोण कोणाच्या घरी गेलं, गाडीला कितीजणी जोडीने चढल्या. पडलेल्या आजी आता काठी घेऊन चालतात. दर बुधवारी एसटीचं चित्र त्याच पहिल्या दाबतात.

त्यांनी गेल्या बैठकीत विचारलं, “उन्हाळ्यात गंगा आली की ह्यात कळेल का?” गंगा काही सांगून येत नाही. आली की बातमी तोंडोतोंडी पसरते, आणि पऱ्यापलीकडे ती पोचेपर्यंत कधी कधी गंगा जायची वेळ होते. म्हणून आम्ही पाचवं चित्र घातलंय, पाण्याच्या कुंडाचं. सध्या ते दाबलं तर काही होत नाही. तरी आजी रोज सूर्यानंतर ते दाबून बघतात.