घराला वाळवी लागली का, ते कसे पाहावे?

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज बोलायचे आहे वाळवीविषयी. कोणी तिला उधई म्हणतात, कोणी पांढरी मुंगी म्हणतात. पण आधी आमचीच फजिती सांगतो.

आमच्या वर्गाचे एक लाकडी कपाट होते. भिंतीला टेकवून ठेवलेले. त्यात वाचनाची पुस्तके होती, हजेरीचे पट होते. उन्हाळ्यात वर्ग बंद राहिला. पाऊस सुरू झाल्यावर आम्ही कपाट उघडले. पुस्तके जागच्या जागी दिसत होती. वरचे पुस्तक उचलले, तर हातात नुसते पुठ्ठे आले. मधली पाने गेली, त्यांची माती झाली! कपाटाची पाठ बोटाने दाबली. बोट आरपार जाऊन भिंतीला लागले. आणि बाहेरून कपाट कसे होते? तेलरंग दिलेले, चकचकीत. वर्ग चालू होता तेव्हा आम्ही ते रोज फडक्याने पुसत होतो. त्याच्यामागे काय चालले आहे, ते एकदाही वाकून पाहिले नाही.

कपाट गेले, ते जाऊ द्या. पण हेच घराच्या तुळईला झाले तर? तुळईखाली आपली लेकरे निजतात. हेच कागदांच्या पेटीला झाले तर? त्या पेटीत खरेदीखत असते, कर्जफेडीच्या पावत्या असतात. कागद पुन्हा मिळवायचा म्हणजे तालुक्याला किती खेपा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता ही वाळवी आहे तरी कोण? आपण मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हे. ती झुरळाची जवळची नातलग आहे. तिचे अंग मऊ आणि फिकट असते. ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून ती उघड्यावर चालत नाही. माती आणि आपली लाळ कालवून ती नळी बांधते आणि त्या नळीतून ये-जा करते. आपल्या भिंतीवर मातीची रेघ चढलेली दिसते ना? तो तिचा रस्ता. घर तिचे जमिनीत असते. तिथे राणी असते, ती अंडी घालत राहते. रानात आपण वारूळ पाहतो, तेही वाळवीनेच बांधलेले असते. नागोबा मागाहून राहायला येतो. आयत्या बिळात नागोबा म्हणतात, ते उगाच नाही!

ती लाकूड खाते ते आतून. वरचा पापुद्रा तसाच ठेवते. म्हणून नुसते बघून कळत नाही. ठोकून बघावे लागते, टोचून बघावे लागते.

त्याला काय लागते? एक बॅटरी, एक दाभण आणि एक लहान हातोडी. हातोडी नसेल तर विळ्याची मूठ चालेल. वर्षातून दोनदा पाहावे. एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सफाईला. दिवाळीला घर रिकामे करतोच, तेव्हा वेगळा वेळ लागत नाही.

सुरुवात बाहेरून करा. घराच्या जोत्याभोवती फिरा. सरपण, तुराट्या, जुने वासे भिंतीला लावून रचले असतील तर ते हलवा. वाळवीला यासारखी सोय नाही. वर खायला लाकूड, खाली ओल, आणि शेजारी आपली भिंत. न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे नीट पाहा. मातीची रेघ दिसली तर ती कुठवर गेली ते डोळ्यांनी धरून चला.

मग दाराची चौकट. चौकटीचे पाय जमिनीला टेकतात, तिथे दाभण टोचा. चांगल्या लाकडात दाभण अडते. पोखरलेल्या लाकडात लोण्यात जावे तसे जाते. हातोडीने ठोका. भरीव लाकूड टणटण बोलते, पोकळ लाकूड डबडब वाजते. मडके घेताना आपण वाजवून घेतो की नाही? तसेच हे.

खांबही असेच पाहा. खांबाखाली दगडी तळखडा असला तर चांगले. पण तळखडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दगडावरूनही ती नळी बांधत वर जाते. तेवढे खरे, की दगडावरची नळी लगेच नजरेस पडते.

सर्वांत महत्त्वाची जागा पुढे आहे, आणि तीच लोक सोडून देतात. तुळईची टोके! तुळई भिंतीत शिरते, तिथे वाळवी भिंतीच्या आतल्या आत येते. बाहेर नळी दिसतच नाही. शिडी लावा, कोणाला तरी शिडी धरायला सांगा, आणि दोन्ही टोकांशी ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, दाभण आत गेले, तर त्या खोलीत त्या रात्री कोणी निजू नये. सकाळी सुताराला बोलवावे. आधी खालून टेकू द्यावा, मग पुढचे.

कोणी म्हणेल, 'आमचं लाकूड सागाचं आहे.' सागाचा पक्का गाभा वाळवीला सहसा आवडत नाही, हे खरे. पण गाभ्याबाहेरचे पांढरे लाकूड ती सागाचेही खाते. आंबा आणि सावर तर ती लवकर फस्त करते.

देवाच्या तसबिरींच्या मागे पाहा. कणगीखाली पाहा. पेटी भिंतीपासून हातभर ओढा, विटांवर ठेवा.

आणखी एक खूण आहे. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. सकाळी पंखांचा केर पडलेला असतो, आपण तो झाडून टाकतो. त्यांत पुष्कळदा वाळवीच असते. वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे असतात आणि तिची कंबर बारीक असते. दिव्यावर बाहेरूनही किडे येतात, त्याने घाबरू नका. पण दिवा नसलेल्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी पंखांचा ढीग दिसला, तर वाळवी तिथूनच बाहेर पडली असे समजा.

मागे एका आजींनी आम्हाला विचारले, "नळी झाडूनं पाडली, वर रॉकेल ओतलं, झालं की नाही?" आजी, नाही झालं. अंगावर रॉकेल पडले तेवढी मेली. राणी जमिनीत सुखरूप आहे. ती दुसरी वाट काढील, आणि लाकडावर रॉकेल म्हणजे आगीची भीती वेगळीच. नळी पाडायची ती परीक्षेसाठी. बोटभर तुकडा मोडा, शेजारी खडूने खूण करा, दोन-तीन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी चालू आहे. बांधली नाही तरी सोडू नका, महिनाभर नजर ठेवा.

वाळवी आढळली, तर औषध मारणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे लागते. तो भिंतीच्या बुडाशी, जमिनीत औषध घालतो. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, माणसाची. तो दारात उभा राहून पैसे सांगू लागला, तर त्याला परत पाठवा. "दादा, आधी घर बघा, आणि मला बरोबर घेऊन बघा," असे म्हणा. वाळवी कुठे आहे ते त्याने बोटाने दाखवावे. कोणते औषध, किती, कुठे घालणार, पुन्हा लागली तर येणार का, हे कागदावर लिहून द्यावे. तो कागद तुम्ही स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. वाचल्याशिवाय सही करू नका.

दुसरी गोष्ट औषधाची. पूर्वी गावोगावी गॅमॅक्सिनची, म्हणजे बीएचसीची भुकटी टाकत. बीएचसीवर सरकारने 1997 साली बंदी घातली. ऑल्ड्रिन त्याआधीच, 1996 साली बंद झाले. ही विषे मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि अन्नातून अंगात जातात. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो उघडू नका. कृषी सहायकाला विचारा. नव्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवाही विषच आहे. शेतात फवारायचे उरलेले औषध घरात मारू नका. धान्याच्या कणगीजवळ आणि विहिरीजवळ तर मुळीच नको.

खर्चाचे म्हणाल, तर सरपण हलवायला आणि न्हाणीच्या पाण्याला पन्हळ काढायला काही लागत नाही. ते उद्याच करता येईल.

आता या वर्गाच्या खोलीचीच चौकट आहे. कपाट गेल्यापासून आम्हाला तिचा भरवसा वाटत नाही. रविवारी सकाळी उजेडात इथेच जमू. शिडी आम्ही आणतो. ज्याच्या घरी दाभण असेल, त्याने ते बरोबर आणावे.