मेदाचा कारभार: स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागताध्यक्षाने निवासभोजनाचा बंदोबस्त पाहावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि विद्वज्जनांच्या वाटेतून सत्वर दूर व्हावे, हा आपल्याकडील परिषदांचा जुना परिपाठ मला मान्य आहे. तथापि ज्या पुणे नगरीत आपण जमला आहात तिचे मेद आणि ऑक्सिडीकरण या आपल्या विषयाशी असलेले नाते सांगितल्यावाचून हे स्वागत अपुरे राहील.

येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन (साखरेविरुद्ध ग्रंथ लिहिणारे ते युडकिन निराळे) यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक आपण रोग्यांच्या कागदांवर लिहितो, तो दोघांचाही २२.३, पण क्ष-किरणांनी मोजले तेव्हा युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि आमच्या याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाला! पुण्याभोवतीच्या खेड्यांत जन्मणारी बालकेही अशीच, वजनाने इंग्लंडातील बालकांपेक्षा पुष्कळ हलकी, स्नायूंनी कृश, आणि मेद मात्र त्या मानाने राखून असलेली आढळली.

या मेदाला आपण दीर्घकाळ केवळ कोठार समजत आलो. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांना लेप्टिन या मेदपेशींच्या संप्रेरकाचे जनुक गवसले, आणि या कोठारातच एक कचेरी असून तिचे हुकूम मेंदूपर्यंत पोहोचतात हे उघड झाले. साठा क्षमतेबाहेर वाढला, मेदपेशी फुगल्या, भोवती भक्षक पेशींची गर्दी झाली, की एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर सुपरऑक्साइडची निर्मिती वाढवते आणि कचेरीचा कारभार बिघडतो: हितकारक ॲडिपोनेक्टिन घटते, दाह वाढवणारी द्रव्ये सुटतात, आणि यकृत व स्नायू इन्शुलिनची आज्ञा पाळीनासे होतात. २००४ सालीच जपानी संशोधकांनी स्थूल उंदरांना या विकराचा अवरोधक दिला, तेव्हा मेदातील क्रियाशील ऑक्सिजन कमी होऊन रक्तशर्करा, रक्तातील स्निग्धांश आणि यकृतातील चरबी या तिन्हींत सुधारणा दिसली.

मग हे ऑक्सिडीकारक समूळ नष्टच का करू नयेत? कारण इन्शुलिन पेशीच्या ग्राहीला चिकटताच पेशी स्वतःच किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते, आणि इन्शुलिनचा संदेश पुसून टाकणाऱ्या विकराला ते क्षणभर निष्क्रिय करते. त्या क्षणावरच संदेशाचे बळ अवलंबून असते. ज्या उंदरांत पेरॉक्साइडचा निरास करणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अतिरिक्त निर्माण होईल अशी तजवीज केली, ते निरोगी होण्याऐवजी स्थूल झाले आणि इन्शुलिनला दाद देईनात. २००९ साली जर्मनीतील प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व ही प्रतिऑक्सिडके दिली होती, त्यांच्यात व्यायामाने वाढायला हवी ती इन्शुलिन-संवेदनशीलता वाढली नाही, इतरांत वाढली.

बाहेरच्या मंडपात प्रतिऑक्सिडक गोळ्यांची दुकाने मांडली आहेत. त्यांच्या भाड्यातूनच आजच्या श्रीखंडाचा खर्च निघाला, हे लपवणे माझ्या पदाला शोभणार नाही. तरीही आपण तेथे अवश्य जावे आणि विक्रेत्यांकडे त्या जर्मन प्रयोगाची विचारपूस करावी.

आम्हा स्थानिक चिकित्सकांची मागणी एवढीच आहे. ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांचा तोल पेशीच्या एका दालनात ढळलेला आणि शेजारच्या दालनात शाबूत असू शकतो. तेव्हा दंडातून काढलेल्या रक्ताच्या चाचणीवरून पोटातील मेदाची हालहवाल कितपत ठरवावी, याचा निकाल आपण चर्चेअंती द्यावा. सडपातळ दिसणाऱ्या मधुमेह्याला काय सांगावे, हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोजचा आहे.

आपणां सर्वांचे स्वागत करून, अध्यक्षमहाशयांनी आसन ग्रहण करावे व कामकाजास प्रारंभ करावा, अशी स्वागत समितीच्या वतीने विनंती करतो.