कमाल आहे, किमान नाही



श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरी येतात. जठारपेठेतील एखाद्या वृद्धेला हा सोहळा घरबसल्या पाहावयाचा असेल, तर तो दाखविणार कोण? मुंबईच्या वाहिन्यांना त्याची क्षणभराची बातमी पुरते.

जुन्या केबलव्यवस्थेत ही सोय सहज होती. गल्लीतल्या केबलचालकाने चित्रफीत लावून एक रिकामी वाहिनी धरली, की काम भागे. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि डिजिटल प्रक्षेपण बंधनकारक ठरले. २०१२ मध्ये महानगरांत सुरू झालेला हा बदल टप्प्याटप्प्याने लहान शहरांत आला. चित्र स्वच्छ झाले, ग्राहकसंख्या दडविणे अवघड झाले. हे मान्यच करावयास हवे. परंतु संकेतबद्ध प्रक्षेपणाची किल्ली गल्लीतून उठून मोठ्या वितरकाच्या नियंत्रणकक्षात गेली.

पुढे नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वितरकांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी नोंदणी ठरविली. शुल्क वाहिनीमागे अवघे १००० रुपये. त्यात तक्रारीजोगे काही नाही. मात्र अशा वाहिन्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि स्थानिक बातम्या देणारा वितरक कंपनी म्हणूनच नोंदलेला असावा, असे बंधन आले. म्हणजे कमाल मर्यादा आहे, किमान मात्र नाही! महापालिकेच्या सभेत पाणीपुरवठ्याबाबत काय ठरले, हे जठारपेठेस दाखविण्याची सक्ती कोणावरही नाही. जिल्ह्यामागे किमान एका वाहिनीची अट नियमात यावी, ही मागणी दरमहा पैसे भरणाऱ्या ग्राहकांनीच केली पाहिजे.