बांधावरचा राखी वटवट्या
(भाषणाचा मजकूर)



मोर, पोपट, साळुंकी हे पक्षी गावातील लहान मुलालाही ओळखता येतात. परंतु कुंपणाच्या झुडपात चुळबुळ करणाऱ्या करड्या पाखराचे नाव विचारले, तर 'असेल एखादी चिमणी' असे उत्तर मिळते. ते पाखरू बहुधा वटवट्या असते.

आपल्याकडे बारमाही राहणारा राखी वटवट्या सुमारे १३ सेंटीमीटर लांबीचा असून त्याचे वजन १० ग्रॅमहूनही कमी भरते. पाठ राखी, पोट फिकट तांबूस, शेपटी लांब व बहुधा उभारलेली. पानांच्या कडा कोळ्याच्या जाळ्याने व तंतूंनी शिवून तो झुडपात जमिनीलगत घरटे बांधतो. शिंपी पक्षी त्याच्याच कुळातला. मादी तीन-चार तकतकीत विटकरी अंडी घालते. सुमारे १२ दिवसांत पिले बाहेर येतात व नर-मादी दोघेही त्यांना किडे-अळ्या भरवितात.

हिवाळ्यात रशिया व मध्य आशियातून इतर जातींचे वटवटे येथे येतात. त्यांच्यातील साम्य इतके, की जाणकारही रूपापेक्षा आवाजावर अधिक विसंबतात. ओळखण्यातील चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण बोलके आहे. १८६७ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळाला. त्यानंतर त्या जातीचा जिवंत पक्षी ओळखला गेला तो २००६ साली, थायलंडमध्ये! पुढे संग्रहालयांतील जुने नमुने तपासले असता, हाच पक्षी दुसऱ्या जातीच्या नावाखाली ठेवलेला आढळून आला. पक्षी होता, त्याला त्याचे नाव तेवढे मिळाले नव्हते.

गावातील वटवट्याचीही हीच गत होण्याचा धोका आहे. ज्याला नाव नाही, त्याची नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. बांध जाळले, कुंपणाची झुडपे मुळासकट काढली, की घरट्याची जागा जाते. कीटकनाशकांचा अतिरेक झाला, की पिलांचा घास जातो.

यावर उपाय खर्चिक नाही. पावसाळा हा या पक्ष्याच्या विणीचा मुख्य हंगाम. त्या काळात झुडपांची तोड टाळावी. शिक्षकांनी मुलांना आवाजावरून पक्षी ओळखावयास शिकवावे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते व गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत वाघ-बिबट्याइतक्याच आस्थेने या दहा ग्रॅमच्या शेजाऱ्याचेही नाव लिहिले जावे. ज्या गावाला आपल्या बांधावरचे पाखरू नावानिशी ठाऊक आहे, ते गाव आपला बांधही सांभाळील.